घर तळेगावला, नोकरी पुण्यात: लोकल, मेट्रो की पीएमपी?

पुण्यात घर परवडत नाही म्हणून चिंचवड, देहूरोड, तळेगावकडे बघणारे खूप आहेत. घर दाखवणारा सांगतो, "स्टेशन दहा मिनिटांवर." तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. एकच गोष्ट विचारा: आताची गाडी हुकली, तर पुढची केव्हा? रोज ये-जा करणाऱ्याचं आयुष्य या उत्तरावर चालतं, म्हणून तिन्ही साधनं इथे त्याच प्रश्नावर पारखली आहेत.

लोकलपासून सुरुवात करू, कारण देहूरोडच्या पुढे राहणाऱ्याला खरा आधार तिचाच. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटरचा हा मार्ग, आणि पुण्याहून थेट लोणावळ्यापर्यंतचं तिकीट १५ रुपये. मासिक पास काढलात तर खर्चाच्या बाबतीत दुसरं कुठलंच साधन तिच्या आसपास येत नाही. तळेगाव ते पुणे स्टेशन हे अंतर ती पाऊण ते एक तासात कापते. त्या वेळी जुन्या महामार्गावर कितीही कोंडी असली तरी तिला काही फरक पडत नाही.

अडतं ते फेऱ्यांपाशी. या मार्गावर दोनच रूळ आहेत, एक जाणारा आणि एक येणारा. त्यांवरूनच मुंबईच्या एक्स्प्रेस, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात. मागून एक्स्प्रेस आली की लोकल बाजूला थांबते. दुपारी देखभालीचा ब्लॉक असतो, त्यामुळे ऐन दुपारी गाड्या अगदी तुरळक. सकाळी दहाला कामावर जाऊन सहाला निघणाऱ्याचं यात निभावतं. पण दुपारी कॉलेज सुटलेली मुलगी, दुसऱ्या पाळीचा कामगार, दवाखान्यातून परतणारे आजी-आजोबा यांनी करायचं काय? ही माणसं मग शेअर रिक्षा आणि दुचाकीकडे वळतात. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी किती वर्षांची आहे! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या खर्चातला राज्याचा वाटा उचलायला मान्यता दिली, हे चांगलंच झालं. मात्र रूळ पडायला वर्षं लागतात. आज घर घेणाऱ्याने आजचं वेळापत्रक बघूनच घ्यावं, त्यातही दुपारचं आणि रात्री शेवटच्या गाडीचं.

मेट्रोला हा प्रश्न लागूच होत नाही. गर्दीच्या वेळी काही मिनिटांत पुढची गाडी येते, वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून पिंपरी ते स्वारगेट हा प्रवास साधारण अर्ध्या तासावर आला आहे. मार्ग मात्र पिंपरीत, महापालिकेपाशी संपतो. निगडीपर्यंतचं वाढीव काम मंजूर आहे, पण तळेगाव त्याच्याही कितीतरी पुढे. पिंपरी-चिंचवडमध्ये घर आणि पुण्याच्या मध्यभागी काम असेल, तर मी डोळे झाकून मेट्रो सांगेन. तळेगावकराला ती अर्ध्या वाटेवरच भेटते.

पीएमपीचं, म्हणजे शहर बससेवेचं, जाळं सगळ्यात मोठं, लोकल आणि मेट्रो जिथे पोचत नाहीत तिथेही बस जाते. पण लांबच्या अंतरासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. निगडी ते दापोडी बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, स्वतंत्र मार्गिका आहे, तिथे बस बरी पळते. मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की मार्गिका संपते आणि तीच बस बोपोडी-खडकीच्या गर्दीत दुचाकींमागे रांगत जाते. पुढची बस केव्हा, हे थांब्यावर उभ्या माणसाला बहुतेक वेळा नक्की सांगता येत नाही. घर ते स्टेशन एवढ्या टप्प्याला मात्र बसच हवी, आणि नेमकी तिथेच ती कमी आहे. लोकलच्या वेळा धरून सुटणारी छोटी बस तळेगाव किंवा देहूरोड स्टेशनबाहेर उभी राहिली, तर कितीतरी दुचाकी घरीच राहतील. त्यासाठी ना भुयार खणावं लागतं, ना पूल बांधावा लागतो. नव्या रुळांची वाट बघत असताना आपण आधी याच्यामागे लागलं पाहिजे.

तर निवड अशी करा. काम मंडई-स्वारगेटकडे आणि घर देहूरोडच्या पुढे असेल, तर लोकलने पुणे स्टेशनपर्यंत जाऊ नका. शिवाजीनगरला उतरा, तिथे मेट्रो स्टेशन जवळच आहे. कोथरूडकडे जायचं असेल तर पुढच्याच जिल्हा न्यायालय स्टेशनवर वनाझची मेट्रो मिळते. लोकलचा पास आणि मेट्रोचं तिकीट वेगवेगळं काढावं लागतं, तो हिशेब महिन्याच्या खर्चात धरा. आणि घरात दुपारी ये-जा करणारं कुणी असेल, तर थोडं लहान घर घ्या, पण ते मेट्रोच्या टप्प्यात घ्या.