बोनेअर की लिटल केमन? टाकी कोण उचलणार, ते आधी ठरवा

अमेरिकेत नेवार्कला राहणाऱ्या मैत्रिणीचा परवा फोन आला. ‘सुट्टी एकच आठवडा आहे, दोघंच जाणार, डायव्हिंग भरपूर हवं. बोनेअरला जाऊ की लिटल केमनला?’ दोन्ही कॅरिबियन समुद्रातली बेटं. पाऊण तास बोलूनही आमचं काही ठरलं नाही, म्हणून बसून लिहितेय. बोनेअरला मी दोनदा गेलेय, लिटल केमनला एकदा. माझा ओढा बोनेअरकडे आहे हे आधीच सांगते, त्या हिशोबाने वाचा.

त्याआधी एक गोष्ट. तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला प्रशिक्षकाने मागून धरून पंधरा-वीस मिनिटं खाली नेलं असेल, तर मजा नक्कीच आली असेल, पण तेवढ्यावर इथे कुणी हातात हवेची टाकी देत नाही. ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेट लागतं. ते भारतातूनच करून आलात तर उत्तम, तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत हा कोर्स होतो. सुट्टीतले चार दिवस वर्गात आणि स्विमिंग पूलमध्ये घालवायला कॅरिबियनपर्यंत कशाला जायचं?

बोनेअर हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं डच बेट. २०१० पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, चलन मात्र अमेरिकन डॉलर. लोक पापियामेंतू बोलतात, पण इंग्रजीवर सहज भागतं. बेट कोरडं, निवडुंगाचं, रस्त्यावर गाढवं आणि शेळ्या. हिरवीगार झाडी आणि माडांच्या रांगा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर विमानतळावरच तोंड उतरेल. लिटल केमन हे ब्रिटिश केमन बेटांतलं सगळ्यांत धाकटं. लांबी सुमारे सोळा किलोमीटर, रुंदी दीड, कायमची वस्ती दोनशेच्याही आत. एक दुकान, मोजकी रिसॉर्ट्स, आणि रस्त्यावर पहिला मान घोरपडीसारख्या दिसणाऱ्या इग्वानांचा. तशा पाट्याच लावल्या आहेत.

पाण्यात शिरायची पद्धत

खरा फरक इथे आहे, म्हणून इथेच जास्त रेंगाळते.

बोनेअरला पिकअप भाड्याने घ्यायची, मागच्या हौद्यात चार टाक्या टाकायच्या आणि पश्चिम किनाऱ्याने निघायचं. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचे दगड दिसतात, त्यांवर जागेचं नाव. असा दगड दिसला की गाडी थांबवा, सूट चढवा, चालत पाण्यात जा. ना बोट, ना वेळापत्रक, ना ‘चला चला, सगळे तयार का?’ सकाळी सहाला उतरा नाहीतर रात्री नऊला, विचारणारं कुणी नाही. बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे, भरतीच्या रेषेपासून दोनशे फूट खोलीपर्यंत. हातमोजे घालायचे नाहीत, नांगर टाकायचा नाही. पहिल्या दिवशी माहितीचं छोटं सत्र आणि एक चाचणी डायव्ह सक्तीची. त्यानंतर तुम्ही आणि तुमचा जोडीदार.

ऐकायला फार छान वाटतं. आता पायाखाली काय असतं ते सांगते. किनारा वाळूचा नाही, तुटक्या प्रवाळांच्या खड्यांचा आहे. पाठीवर टाकी, कमरेला वजन, आणि पावलागणिक ते खडे चिनी मातीच्या बशांसारखे किणकिणत घसरतात. पहिल्या खेपेला गुडघाभर पाण्यात एक साधीशी लाट आली आणि मी बसकण मारली. पायात घालायचा एक फिन हातातून सुटून निघाला, नवऱ्याने काठावरून ओरडून दाखवला म्हणून सापडला. जाड तळव्याचे बूट नसतील तर बोनेअरला जाऊच नका. ‘थाउजंड स्टेप्स’ म्हणून प्रसिद्ध जागा आहे. पायऱ्या खरं तर सत्तरच्या आसपासच, पण डायव्ह संपवून टाकीसकट वर चढताना हजार हे नाव ज्याने ठेवलं त्याचं पटतं.

लिटल केमनला हे काहीच नाही. नाश्ता करून धक्क्यावर जायचं. तुमची बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, टाकीला लागलेली असते, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तपासलेला असतो. बोट निघते, गाइड पाटीवर नकाशा काढून दाखवतो, तुम्ही एक मोठं पाऊल टाकून पाण्यात. दोन डायव्ह करून जेवणाच्या वेळेला परत. सामान धुऊन वाळत घालायलाही कुणीतरी असतं. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि कान मोकळे करायचे.

म्हणून मी म्हणते, प्रवाळ कुठले चांगले हा प्रश्न नंतरचा. टाकी कोण उचलणार आणि कुठे, कधी, किती वेळ हे कोण ठरवणार, त्यावर तुमचं बेट ठरतं.

खाली काय दिसतं

लिटल केमनची ख्याती ब्लडी बे वॉलची. उथळ, उजेडी पाणी, पांढऱ्या वाळूवर एखादा पाकट मासा निवांत पसरलेला. प्रवाळ जेमतेम वीस फुटांवर. त्यावरून पोहत तुम्ही पुढे जाता आणि अचानक जमीन संपते. खाली सरळ भिंत, हजार फुटांहून खोल. निळा रंग गडद होत होत काळा होतो. माझ्या पोटात तेव्हा जो गोळा आला तो अजून आठवतो, पडणार नाही हे पक्कं माहीत असूनही. भिंतीवर बादलीएवढे स्पंज, कासवं, आणि नशीब असेल तर निळ्यातून येणारा एखादा रीफ शार्क.

आणि नसाऊ ग्रूपर. हा हातभर लांब, पट्ट्यापट्ट्यांचा मासा डायव्हरच्या मागे गल्लीतल्या कुत्र्यासारखा फिरतो. एक तर संपूर्ण डायव्हभर माझ्या कोपराशी होता, मी थांबले की थांबायचा आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघायचा. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी हा मासा मारून संपवला, कारण हिवाळ्यातल्या पौर्णिमेनंतर ते ठरावीक जागी हजारोंनी अंडी घालायला जमतात आणि कोळ्यांना आयते सापडतात. केमनमध्ये डिसेंबर ते एप्रिल त्यांना पकडायला बंदी आहे आणि लिटल केमनच्या पश्चिम टोकाला त्यांची संख्या पुन्हा वाढली आहे. अशी बातमी समुद्राबद्दल क्वचितच ऐकायला मिळते.

बोनेअरला अशी उभी भिंत नाही, उतार आहे. थरार कमी, पण बारकावे जास्त. दगडाचं सोंग घेतलेला फ्रॉगफिश, शेपटीने गवताला धरून बसलेला समुद्रघोडा, पोपटमाशांचे थवेच्या थवे. एकाच जागी चार दिवस उतरलात तर चार दिवस वेगळं काही दिसतं. शार्क मात्र विसरा. ‘हिल्मा हूकर’ नावाचं ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज १९८४ साली इथे बुडालं. कस्टमवाल्यांना त्यात लपवलेला गांजा सापडला होता, जहाज नांगरून ठेवलेलं असतानाच ते पाणी भरून तळाला गेलं. आता शंभर फुटांवर एका कुशीवर पडलंय. आणि मिठाच्या धक्क्याचे खांब, ज्यांवर प्रवाळ आणि स्पंज चढलेत, ती माझी सगळ्यांत आवडती जागा. धक्क्याला जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरता येत नाही, तेव्हा आधी चौकशी करा.

रात्रीचं डायव्हिंग करणार असाल तर मात्र तुलनाच नको. बोनेअरला तुमच्या टॉर्चच्या उजेडात टार्पन शिकार करतात. माणसाएवढा चंदेरी मासा कानाजवळून सुळकन निघून जातो, छातीत धस्स होतं. पौर्णिमेनंतर दोन-पाच दिवसांनी टॉर्च विझवून अंधारात थांबलात तर ऑस्ट्राकॉड नावाचे सूक्ष्म जीव निळसर ठिपक्यांच्या माळा सोडतात. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळाने हा खेळ सुरू होतो आणि लवकर आटोपतो.

दोन्हीकडची एक दुखरी बाजूही सांगायला हवी. प्रवाळांचा ऊतकनाशाचा रोग केमनमध्ये २०२० ला आणि बोनेअरला २०२३ ला पोचला, आणि त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्याने दोन्हीकडचे प्रवाळ पांढरे पडले. जुने फोटो पाहून जाल तर काही ठिकाणी मन खट्टू होईल.

हवा, खोली, सुरक्षितता

नायट्रॉक्सचं, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचं, सर्टिफिकेट काढूनच जा, विशेषतः बोनेअरला. तिथे बऱ्याच ठिकाणी ते साध्या हवेच्या भावात मिळतं. अठरा मीटरवर, म्हणजे सुमारे साठ फुटांवर, साध्या हवेने पहिल्या डायव्हला खाली राहायची मुदत ५६ मिनिटांची असते, ३२ टक्के ऑक्सिजनवर ती ९५ मिनिटं होते. दिवसाला तीन-चार डायव्ह करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. पण हेच ३२ टक्के घेऊन ब्लडी बे वॉलवर गेलात तर खोलीमापकावरची नजर काढू नका. एकशेदहा फुटांच्या खाली ते धोक्याचं, आणि तिथे पायाखाली तळ नसतो. स्वच्छ पाण्यात माणूस नकळत खाली सरकतो.

अनुभव कमी असेल, म्हणजे वीस-पंचवीस डायव्हपेक्षा कमी, तर बोनेअरचं स्वातंत्र्य हेच ओझं होतं. प्रवाह कुठला, परत कधी फिरायचं, किनाऱ्यावर बाहेर पडायची जागा कशी ओळखायची, सगळं तुमच्याच डोक्यावर. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर, एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं. पहिल्या दोन डायव्हना पैसे मोजून गाइड घ्या. डिकम्प्रेशनच्या, म्हणजे भरभर वर आल्याने होणाऱ्या, त्रासावर लागणारी चेंबर बोनेअरला बेटावरच आहे, लिटल केमनहून मात्र ग्रँड केमनला जावं लागतं. आणि डायव्हिंगचा विमा दोन्हीकडे काढा. यात काटकसर नको.

पोट, पाकीट आणि प्रवास

बोनेअरला अमेरिकेतल्या काही शहरांतून थेट विमानं आहेत, नेवार्कहूनही, फक्त ती रोज नसतात. लिटल केमनला आधी ग्रँड केमन, तिथून छोट्या ट्विन ऑटरने पुढे. त्या विमानात सामानाचं वजन काटेकोर बघतात. व्हिसाचंही आधी बघा. बोनेअर डच असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, आणि भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी दोन्ही बेटांचे नियम तिकिटाआधी तपासावेत.

बोनेअरला येतानाच ७५ डॉलर प्रवेशकर आणि समुद्रात उतरायचे ४० डॉलर वेगळे भरावे लागतात. तरीही अपार्टमेंट, पिकअप आणि हव्या तितक्या टाक्या असं पॅकेज घेतलं तर एकूण खर्च लिटल केमनच्या रिसॉर्टपेक्षा बराच कमी होतो. लिटल केमनला खोली, जेवण आणि बोट एकत्र घ्यावं लागतं आणि ते महाग असतं. शिवाय बिलावरचा डॉलर अमेरिकन आहे की केमनचा ते पाहा. केमनचा एक डॉलर म्हणजे अमेरिकन एक डॉलर वीस सेंट. बारचं बिल बघून मी एकदा खूश झाले होते, कार्डाचा मेसेज येईपर्यंत.

शाकाहारी असाल तर बोनेअर सोयीचं. आम्ही तीन लिटरचा कुकर, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट घेऊन गेलो होतो. रात्रीच्या डायव्हनंतर थरथरत आल्यावर मऊभात-मेतकुटापुढे कुठलंही रेस्टॉरंट फिकं. लिटल केमनच्या रिसॉर्टला आधी कळवलं होतं, त्यांनी मनापासून करून घातलं, पण पाचव्या दिवशी पास्ता बघवेना.

बोनेअरची आणखी एक कटकट म्हणजे किनाऱ्यावर उभ्या गाडीतून होणारी चोरी. गाडीत काहीही ठेवायचं नाही, काचा खाली, दारं उघडी. पुष्कळ पिकअप गिअरच्या असतात, अमेरिकेत येऊन क्लच विसरला असाल तर आधी सराव करा.

वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. त्या काळात जायचं असेल तर बोनेअर, कारण ते वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. अगदी निर्धोक मात्र नाही. १९९९ च्या लेनी वादळाने उलट्या दिशेने लाटा आणून तिथले उथळ प्रवाळ झोडपले होते.

जो डायव्ह करत नाही, त्याचं काय?

माझा नवरा स्नॉर्कलपलीकडे जात नाही. मला वाटलं होतं, लिटल केमनला तो दोन दिवसांत कंटाळेल आणि बोनेअरला रमेल. बोनेअरला बघण्यासारखंही बरंच आहे. गुलाबी मिठागरं, फ्लेमिंगो, आणि मिठागरांवर राबणाऱ्या गुलामांसाठी १८५० च्या सुमारास बांधलेल्या झोपड्या, ज्यांत वाकून नव्हे, जवळजवळ रांगत शिरावं लागतं. त्या पाहिल्यावर तो बराच वेळ गप्प होता. पण बाकी आठवडाभर तो माझा ड्रायव्हर झाला. मी पाण्यात, तो उन्हात पिकअपशेजारी, सावलीला एक झाड नाही.

लिटल केमनला त्याने सायकल घेतली, तळ्याकाठी लाल पायांचे बूबी पक्षी दुर्बिणीतून बघितले, कयाक घेऊन समोरच्या ओवेन बेटावर गेला आणि हॅमॉकमध्ये जाडजूड कादंबरी संपवली. वारा पडला की डास चावतात एवढीच त्याची तक्रार. परत कुठे जायचं विचारलं तर तो क्षणाचाही विचार न करता लिटल केमन म्हणतो.

शेवटच्या दिवसाचा हिशोब दोन्हीकडे सारखाच. शेवटच्या डायव्हनंतर विमानापर्यंत निदान अठरा तास हवेत, मी चोवीस धरते. ट्विन ऑटरचं उड्डाणही विमानच, ‘छोटंसं तर आहे’ म्हणून सूट नाही.

आता मैत्रिणीचं. तिचे डायव्ह झालेत चौदा, नवऱ्याचे अकरा, आणि त्याचा उजवा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरतोय. जायचंय फेब्रुवारीत, म्हणजे वादळांची चिंता नाही. पैशांची ओढाताणही नाही, आणि सुट्टीत कुणीतरी आयतं हातात द्यावं असं तिनेच तीनदा बोलून दाखवलं. माझा कल काहीही असो, तिला मी लिटल केमनच सांगितलं. बॅगेचं वजन घरीच करून घे आणि कुकर कपाटात ठेव, एवढंच वर जोडलं.