हाताने रंगवलेला म्हणून विकलेला फोटो

आजी-आजोबांच्या लग्नातला, 120 रोलवर (जुन्या कॅमेऱ्यातल्या रुंद फिल्मवर) काढलेला कृष्णधवल फोटो ठळक रंगांत रंगवून घ्यावा, अशी आमच्या घरात सर्वांचीच इच्छा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडे चित्रकार फोटोंवर रंग चढवत आले आहेत. राजस्थानातील काही जण तर जलरंगाचा इतका दाट थर देत की खालचा फोटो जवळजवळ दिसेनासा होई. तसेच काम, मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, प्रिंटवर तैलरंगांनी, करून देतो असे सांगून एका व्यावसायिकाने पूर्ण रक्कम आगाऊ घेतली आणि कामासाठी लागतील म्हणून जुना प्रिंट व निगेटिव्ह दोन्ही ठेवून घेतले.

आलेले चित्र लांबून देखणे होते. जवळून पाहताच आजीच्या नथीतले मोती ओठांच्याच लाल रंगात माखलेले दिसले, कारण रंग हाताने नव्हे, संगणकाने भरले होते, आणि नथ कुठे संपते व ओठ कुठे सुरू होतो हे त्याला उमगले नव्हते. रंगवणाऱ्या माणसाचा हात तिथे नक्की थबकला असता. कृष्णधवल फिल्मवर फक्त उजेडाची तीव्रता उमटते, म्हणून शालू हिरवा होता हे आम्ही मुद्दाम लिहून दिले होते. तो जांभळा झाला होता.

सोनाराच्या भिंगाखाली काठावर निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे बारीक ठिपके स्पष्ट दिसले, म्हणजे हा इंकजेट प्रिंटरवरचा छाप होता. हाताने रंगवल्यासारखे वाटावे म्हणून त्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारले होते, पण ते चेहरा, शालू, पडदा कशाचीही कड न पाळता सरसकट आडवे गेले होते. कापसाच्या बोळ्याने तैलरंग खरोखर चोळला असेल, तर रंगाखालून मूळ फोटोच्या काळ्या-करड्या छटा दिसतात आणि शाईचे ठिपके कुठेच नसतात.

असे काम देताना निगेटिव्ह आधी चांगल्या लॅबमधून स्कॅन करून घ्यावी आणि कलाकाराला तिच्यावरून काढलेला नवा प्रिंटच द्यावा. कागद कोणता, रंग कोणते आणि काम हातानेच होणार, हे पावतीवर लिहून घ्यावे, काम अर्धे झाल्यावर प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि उरलेले पैसे भिंगाने तपासल्यावरच द्यावेत. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. पैशांपेक्षा आम्हाला ती निगेटिव्ह परत हवी आहे, आणि ती अजून त्याच्याकडेच आहे.