८० किलोमीटरच्या आतली गाडी: सेकंडहँड झेड-फोर, दहा महिन्यांनंतर

दोन गाड्या डोक्यात होत्या आणि दोन्ही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या. बीएमडब्ल्यू झेड-फोर पुण्यात, मर्सिडीझ एसएलके हैदराबादला, आणि एनएच ६५ वर मध्ये सोलापूरला आम्ही. गेल्या वर्षी दिवाळीआधी एक रविवार पश्चिमेला गेला, एक पूर्वेला. नोव्हेंबरात झेड-फोर घरी आली. आता दहा महिने झालेत, ७,४०० किलोमीटर झालेत, सोलापूरचा अख्खा उन्हाळा निघालाय आणि पावसाळाही बराचसा. आता लिहायला हरकत नाही.

आधी गरज सांगते. मी भूलतज्ज्ञ. चार-पाच हॉस्पिटलांत जाते आणि रविवारीसुद्धा फोन वाजला की तासाभरात थिएटरला पोचावं लागतं. त्यामुळे माझं वीकेंड ड्रायव्हिंग म्हणजे पहाटे साडेपाचला निघायचं आणि नऊच्या आत घरी. अक्कलकोट ४०, तुळजापूर ४५, नळदुर्ग ५०, फार तर पंढरपूर ७०-७५. रोजच्या कामाला छोटी ऑटोमॅटिक आहे, ती तशीच ठेवली. दोन सीटची गाडी ही निव्वळ हौस.

पोर्शेची बॉक्स्टरही यादीत होती, पण ती पहिल्याच फेरीत कटाप. चालवायला ती या दोघींपेक्षा सरस, हे मलाही मान्य. पण कापडी टप आणि सोलापूरचं ऊन-धूळ, हे गणित मला पटेना. झेड-फोर (ई८९ पिढी) आणि एसएलके (आर१७२ पिढी) दोन्हींना पत्र्याचं घडीचं छप्पर. बटण दाबलं की वीसेक सेकंदांत डिकीत जाऊन बसतं.

कागदावर दोघींत निवडायला फारसं काही नाही. झेड-फोर ३५आय म्हणजे तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर. एसएलके ३५० म्हणजे साडेतीन लिटर व्ही-सिक्स, टर्बो नाही, पॉवर तेवढीच ३०६. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, झेड-फोरला ४०० न्यूटन-मीटर, एसएलकेला ३७०, पण झेड-फोरचा तो १,३०० आरपीएमलाच हजर असतो. शंभरचा वेग झेड-फोर ५.२ सेकंदांत गाठते, एसएलके ५.६. बोरामणीच्या पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन मागे एकही लाल दिवा न लावता चालला असेल, तेव्हा त्या ०.४ सेकंदाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

हैदराबादची एसएलके खरं तर जास्त नीट ठेवलेली होती. २०१२ ची, ३४,००० किलोमीटर, आत एक ओरखडा नाही. आमच्या थिएटरमधली सिस्टर घरी तेलुगू बोलते, तिच्या भाच्यानं आधी जाऊन बघून ठेवली होती आणि किमतीची बोलणीही त्यानंच केली. २१ लाखांवर आली. मानेवर गरम हवा सोडणारी हेडरेस्ट (एअरस्कार्फ), बटणावर काळी होणारी छताची काच, डिकी छप्पर बंद असताना ३३५ लिटर आणि उघडं असताना २२५. झेड-फोरची ३१० आणि १८०. गिअरबॉक्स लोण्यासारखा. शांत, समजूतदार गाडी. नवऱ्यानं तिथंच मन पक्कं केलं होतं.

अडलं ते नंबरप्लेटवर. गाडी एपी-०९. परराज्यातली गाडी आणायची म्हणजे तिकडून एनओसी, इकडे नवीन नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं, आणि तिकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळे हेलपाटे. इंपोर्टेड गाडीला आपल्याकडे टॅक्सचा दर चढाच आहे. वय वजा करून हिशोब केला तरी स्वस्ताईतला बराचसा भाग त्यातच जात होता. विकणारा म्हणाला, "मॅडम, तशीच चालवा, कोण बघतंय?" डॉक्टरबाई एपीच्या नंबरवर सात रस्ता चौकात उभी. दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं असतं.

पुण्याची झेड-फोर एमएच-१२. मी तिसरी मालक. ऑगस्ट २०११ ची नोंदणी, ५२,००० किलोमीटर, २४ लाख ५० हजार. म्हणजे जुनी, महाग, जास्त पळालेली. तरीही हीच घेतली. कागदांचा भाग झालाच, पण दुसरं कारण असं की हिच्यात बसल्यावर मी हसले. ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो आणि पुढे लांबच लांब बॉनेट पसरलेलं असतं. छप्पर उघडून सहा सिलिंडरचा आवाज ऐकला की तो कानात न येता पाठीतून येतो. आणि एक गोष्ट नंतर वाचली, घेताना माहीत नव्हती: या झेड-फोरचं बाहेरचं डिझाइन युलियाने ब्लासी आणि आतलं नादिया आर्नाउट, म्हणजे दोन बायकांचं. पुण्याच्या गॅरेजमध्ये मी प्रश्न विचारायची आणि मेस्त्री उत्तर नवऱ्याकडे बघून द्यायचा, तेव्हा ही माहिती हाताशी असती तर बरं झालं असतं. त्यानं तपासणीचं बिलही नवऱ्याच्या नावानं फाडलं.

घेण्याआधी काय बघितलं ते सांगते, कारण हे इंजिन (एन५४) डोळे झाकून घेण्यातलं नाही. हाय प्रेशर फ्युएल पंपासाठी अमेरिकेत २०१० साली रिकॉल निघाला होता, म्हणून पंप आणि इंजेक्टर बदललेत का, त्याची बिलं मागा. कूलंटचा पंप इलेक्ट्रिक आहे, बेल्टवर चालत नाही. जाताना तो फारशी पूर्वसूचना देत नाही. माझा चालू होता, तरी मी थर्मोस्टॅटसकट बदलून घेतला. ५८ हजार. लोक म्हणाले, चालू पंप कशाला काढता? माझ्या धंद्यात चालू आहे तोवरच बदलायची सवय असते. शिवाय अधिकृत वर्कशॉप पुण्यात. तिथवर क्रेनवर जाणारी गाडी आणि स्वतःच्या चाकांवर जाणारी गाडी यांच्या खर्चात फार फरक पडतो. सोलापुरात राहून असली गाडी घेताय तर हे अडीचशे किलोमीटर गाडीच्या किमतीत धरा.

आता टायर. यावरच माझं सगळं मत बसलंय. झेड-फोरला रनफ्लॅट टायर येतात आणि स्टेपनी नसते. हवा गेली तरी टायरच्या जाड बाजूंवर गाडी ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाऊ शकते. जानेवारीत गड्ड्याची जत्रा चालू होती, शहरातले रस्ते बंद, म्हणून मी नळदुर्गच्या बाजूला गेले होते. बोरी नदीवरचा पाणीमहाल त्या दिवसांत कोरडा असतो, पण सकाळचा किल्ला छान दिसतो. परतताना इटकळजवळ डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. उतरून बघितलं तर मागचं डावं चाक किंचित बसल्यासारखं वाटत होतं, बाकी काही नाही. तेवढ्यात फोन: सिझर आहे, या. मी छप्पर बंद केलं, साठच्या वेगानं निघाले आणि वेळेत थिएटरला होते. दुपारी पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं चाकाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा चाकाकडे. "मॅडम, यात हवाच नाय की. आणलात कसं बे हे?" अंगठ्याएवढा खिळा निघाला. बिनहवेचा चालवलेला रनफ्लॅट शिवून वापरायचा नसतो, त्यामुळे नवीनच. सोलापुरात मिळाला नाही, पुण्याहून चार दिवसांनी आला, २७ हजार. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे, म्हणजे अदलाबदलही करता येत नाही.

एसएलकेत स्टेपनीच्या जागी चीक भरायची बाटली आणि कॉम्प्रेसर येतो. छोट्या भोकाला तोही पुरतो. पण त्या दिवशी मी हमरस्त्याच्या कडेला बाटली हलवत उकिडवी बसलेली असते. माझे सगळे रविवार ८० किलोमीटरच्या आतच असतात, आणि हा टायरही नेमका तेवढंच अंतर देतो.

याची किंमत कंबर मोजते. रनफ्लॅट कडक असतात, त्यात खाली बसलेली गाडी. विजापूर रोडवर खणून बुजवलेला प्रत्येक पट्टा मला आता पाठ आहे. अक्कलकोटला जाताना नवरा कुंभारीपर्यंत बोलत असतो, वळसंगनंतर गप्प. पहिल्या आठवड्यात आमच्याच फाटकाच्या उतारावर पोट घासलं. गवंडी बोलावला, त्यानं फळी आणि वाळूची पोती टाकून तीनदा गाडी चढवून बघितली, मग उतार दोन हात लांब करून दिला. ६ हजार. स्पीडब्रेकर तिरकेच घ्यायचे, एकेक चाक करून. मागून रिक्षावाला हॉर्न देणार, देऊ दे.

आणि छप्पर. लोकांना वाटतं, रोज उघडं ठेवून फिरत असणार. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये साडेआठनंतर छप्पर उघडणं म्हणजे स्वतःला शेंगांसारखं भाजून घेणं. पारा ४२-४३ ला टेकला की मी अर्धा-अर्धा महिना गाडीच काढत नव्हते. खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटेची थंडी, पायात हिटर, वर उघडं आभाळ, तामलवाडीच्या पुढे ज्वारीच्या हुरड्याचा वास. तुळजापूरचा घाट काही फार मोठा नाही, पाच मिनिटांत संपतो. पण ती पाच मिनिटं गाडी ज्या प्रकारे वळते त्यासाठी मी आठवडाभर वाट बघते. एसएलकेची मानेवरची गरम हवा तिथं हवीशी वाटली असती, खोटं कशाला बोलू.

छप्पर उघडायचं असेल तर डिकीतला पडदा आधी खाली ओढलेला लागतो. तो वर असेल तर छप्पर हलतच नाही. हुरड्याची पिशवी त्या पडद्याच्या वर राहिली म्हणून मी शेताच्या बांधावर दहा मिनिटं बटण दाबत उभी होते, आणि शेतकरी दादा शांतपणे बघत होते.

पावसाळ्यातली चूक माझी. गाडी कडुलिंबाखाली लावायचे, सावली म्हणून. छपराच्या कडेनं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्यात पाला आणि लिंबोळ्यांची सालं साचली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर डिकीच्या तळाला ओल. बॅटरीही डिकीतच असते, म्हणून काळजात धस्स झालं. नळ्या मऊ तारेनं मोकळ्या केल्या, गालिचा दोन दिवस उन्हात. आता वर पत्रा टाकून घेतलाय आणि दर पंधरवड्याला मीच नळ्या बघते. बॅटरीला घरी मेंटेनर चार्जर लावलेला असतो, कारण गाडी आठवडा-आठवडा उभी असते. बदलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावी लागते. नुसती टाकून चालत नाही.

"ॲव्हरेज किती देतंय?" हा प्रश्न मला सिग्नलवर, पंपावर आणि एकदा ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटनं भूल चढायच्या आधी विचारलाय. गावात सात, हायवेला अकरा, सरासरी नऊ धरा. दहा महिन्यांत पेट्रोलला ८७ हजारांच्या आसपास गेले. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी ठेवत नाही. थोडं भरते, संपवते, पुन्हा भरते. आमच्याच जिल्ह्यातला ऊस आधी ट्रॅक्टरनं वाट अडवतो आणि मग टाकीत येऊन बसतो.

आईला अक्कलकोटला नेलं. सत्त्याहत्तर वर्षांची. बसताना बसली, "जमिनीवर पाट टाकल्यासारखं आहे," म्हणाली. उतरताना मात्र दोघींनी हात देऊन उठवावं लागलं, एक मी आणि एक फुलवाली. घरात वय झालेलं माणूस असेल तर ही गाडी त्यांच्यासाठी नाही, एसएलकेही नाही. परत येताना आईनं शेंगाचटणीचा डबा मांडीवर धरला होता, कारण छप्पर डिकीत होतं आणि डब्याला जागा नव्हती.

ज्यांना लांब जायचंय, पुणे-मुंबई करायचंय, कंबर जपायचीय, त्यांनी महाराष्ट्राच्या नंबरची एसएलके शोधावी. मिळाली तर ती जास्त शहाणी खरेदी आहे. माझ्यासारखं घराभोवती घिरट्या घालायच्या असतील तर झेड-फोर. २०११ ची नोंदणी म्हणजे ऑगस्ट २०२६ मध्ये पंधरा वर्षं भरतील. तेव्हा फिटनेस, फेरनोंदणी, ग्रीन टॅक्स हे सगळं आहे. इतकी जुनी गाडी घेताना आरसीवरची ती तारीख आधी वाचा, किलोमीटर नंतर.

मागचा उजवा टायर दिवाळीपर्यंत काढेल असं दिसतंय. नवरा म्हणतो, या वेळी चारही साधे टाकू, मऊ होईल. मी पुण्याला रनफ्लॅटच सांगून ठेवलाय.