वजन कमी करू, नॉनव्हेज सोडू की हळदीच्या कॅप्सूल घेऊ? कॅन्सरची रिस्क कमी करायची तर आधी काय

मावशीला साठीनंतर ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ट्रीटमेंट नीट झाली, आणि ती जरा सावरल्यावर मावसबहिणीने मला सरळ विचारलं की ताई, मी आता आधी काय करू, वजन उतरवू, मटण-चिकन सोडू, की सगळे घेतात त्या हळदीच्या कॅप्सूल आणि व्हीटग्रास (गव्हांकुर) पावडर चालू करू, कारण सगळं एकदम मला जमणार नाही. तिचा प्रश्न मला अगदी योग्य वाटला. नोकरी, घर, डबे सांभाळून माणूस एका वेळी एखाद-दोनच सवयी बदलू शकतो, मग कशाने किती फरक पडतो ते शेजारी शेजारी मांडून बघायलाच हवं. तिच्यासारखे बरेच जण असणार म्हणून सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, खाण्याने आणि वजनाने रिस्क कमी होते, शून्य होत नाही. आयुष्यभर साधं जेवलेल्या, सडपातळ माणसालाही कॅन्सर होतो. त्यामुळे ज्याला झालाय त्याला "तू काय खात होतास" हे विचारू नका प्लीज, त्या माणसाला तो प्रश्न फार लागतो.

वजन

माझ्या मते यादीत हे सगळ्यात वर. आयएआरसी म्हणून डब्ल्यूएचओची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, फ्रान्समध्ये लियाँला. त्यांनी २०१६ मध्ये जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं की अंगावर जादा चरबी नसेल तर १३ प्रकारच्या कॅन्सरची रिस्क कमी राहते. त्यात मोठं आतडं, लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, किडनी, गर्भाशय, ओव्हरी, थायरॉइड आहेत आणि पाळी गेल्यानंतरचा ब्रेस्ट कॅन्सरही आहे. एकच गोष्ट एवढ्या अवयवांवर परिणाम करते असं आहारातल्या कुठल्याच एका पदार्थाबद्दल म्हणता येत नाही.

हे होतं कसं, तर चरबी नुसती साठून पडून राहत नाही, ती कामही करत असते. पाळी गेल्यावर ओव्हरी इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवायचं थांबवतात, पण चरबीच्या पेशी ते बनवतच राहतात, आणि जितकी चरबी जास्त तितकं ते जास्त, आणि ब्रेस्ट-गर्भाशयाच्या पेशी याच हार्मोनने वाढतात म्हणून त्यांचा संबंध येतो. शिवाय पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिन सतत चढं राहतं, अंगात बारीक सूज धुमसत राहते, आणि या दोन्हींमुळे पेशींना वाढण्याचा इशारा मिळत राहतो. (पाळी चालू असलेल्या वयात ब्रेस्ट कॅन्सरचं गणित वेगळं आहे, तिथे जास्त वजनाने रिस्क वाढताना दिसत नाही, उलट थोडी कमी दिसते. पण तेच वजन पुढे पन्नाशीत सोबत येतं, त्यामुळे यावर निर्धास्त राहू नये.)

मग पुढचा प्रश्न येतोच, की वाढलेलं वजन नंतर कमी केलं तर उपयोग होतो का? अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकने २०२२ मध्ये एक अभ्यास छापला. वजन कमी करायची सर्जरी झालेले साधारण ५ हजार लोक आणि तसेच जाड पण सर्जरी न झालेले २५ हजार. १० वर्षांत वजनाशी संबंधित कॅन्सर पहिल्या गटात २.९ टक्के लोकांना झाले, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. हे खूप जाड लोक होते आणि त्यांचं वजन भरपूर उतरलं होतं, त्यामुळे ३ किलो कमी केल्यावर एवढाच फायदा होईल असा अर्थ काढू नका, पण उशिरा केलं तरी उपयोग होतो एवढं त्यातून दिसतं.

आपल्याकडे एक मोठा घोळ म्हणजे कटऑफ. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ पर्यंत नॉर्मल असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते गोऱ्या लोकांचं माप आहे. भारतीयांमध्ये त्याच बीएमआयला पोटाची चरबी जास्त निघते म्हणून आपल्यासाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे १५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईला साधारण ५५ किलोपर्यंत ठीक, ६० ला लठ्ठपणा सुरू. मावसबहीण ६३ ला होती आणि स्वतःला "जरा भरलेली" समजत होती, तिच्या आजूबाजूच्या सगळ्याच तशाच.

काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगतो. शिवणकामाचा टेप घ्या, बरगड्यांची शेवटची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपून बघा, त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरा, श्वास सोडा, पोट आत न ओढता वाचा. साडी किंवा पँट जिथे बांधतो तिथे माप घेऊ नका, ती जागा खाली असते आणि आकडा चुकतो. बायकांना ८० सेंटीमीटर, पुरुषांना ९०, याच्या वर असेल तर वजन कितीही असू दे, पोट कमी करायची गरज आहे.

नॉनव्हेज सोडणं

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. २०१५ मध्ये आयएआरसीने प्रोसेस्ड मीट (सलामी, हॅम, सॉसेज असं टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं मांस) पहिल्या गटात टाकलं, म्हणजे यामुळे माणसांना कॅन्सर होतो हे पक्कं, आणि रेड मीट (मटण, बीफ, पोर्क) त्याखालच्या "बहुधा होतो" गटात. तंबाखूही पहिल्याच गटात आहे म्हणून लोक म्हणायला लागले की सॉसेज आणि सिगरेट सारखंच. तसं नाहीये, गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा ते नाही. रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरची रिस्क साधारण १८ टक्क्यांनी वाढते, म्हणजे मुळात जी रिस्क आहे तिच्यात १८ टक्के भर, शंभरातल्या १८ लोकांना कॅन्सर असा त्याचा अर्थ नाही.

आपल्या बहुतेक घरांत सलामी-हॅम रोजचं नसतंच. गोव्याकडे चोरीस (पोर्कचं मसालेदार सॉसेज) पाव आवडीने खातात, मुंबई-पुण्यात मुलांच्या डब्यात चिकन सॉसेज असतात, तेही प्रोसेस्डच, चिकनचं आहे म्हणून सुटका नाही. हे असेल तर ते महिन्यातून कधीतरीवर आणा. रविवारचं मटण मात्र वेगळं. शिजवलेलं रेड मीट आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा असं वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड सांगतो, आणि चौघांच्या घरात रविवारी अर्धा किलो मटण आणलं तर एकेकाच्या वाट्याला त्याच्या निम्मंही येत नाही. बांगडा, सुरमई, अंडी, साधं चिकन यांच्यावर तर असा ठपकाच नाही.

पूर्ण शाकाहारी झालं तर? ब्रिटनमधल्या ४.७ लाख लोकांच्या अभ्यासात, २०२२ मधला आहे, शाकाहारी लोकांत एकूण कॅन्सर १४ टक्के कमी दिसला. पाळी गेलेल्या शाकाहारी बायकांत ब्रेस्ट कॅन्सर १८ टक्के कमी, पण अभ्यासकांनी स्वतःच लिहिलंय की याचं कारण त्यांचं वजन कमी असणं हे असू शकतं. म्हणजे फिरून आपण वजनावरच आलो. आणि शाकाहार म्हणजे आपल्याकडे वडापाव, साबुदाण्याची खिचडी, चहासोबत खारी-बिस्किटं हेही येतंच, त्याने पोट कमी होणार नाही.

पोळी, भाकरी, भात

फायबरचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध चांगलाच दिसलाय. आतड्यातले बॅक्टेरिया फायबरपासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, तेच आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न, शिवाय पोट साफ राहतं आणि कमी जेवणात भरतं. दिवसाला ३० ग्रॅम फायबर हे टार्गेट धरायचं.

मावसबहीण पोळी सोडून फक्त ज्वारीवर जाणार होती. गरज नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम फायबर, गव्हाच्या आट्यात ११, बाजरी-नाचणीतही ११ च्या आसपास. फरक पडतो तो पॉलिशचा तांदूळ आणि मैद्यात, तिथे आकडा ३ च्या खाली. त्यामुळे आवडेल ती भाकरी-पोळी खा, फक्त पीठ मैदाचाळणीने चाळून कोंडा टाकून देऊ नका, पोळ्या जरा कमी मऊ झाल्या तरी चालतील. दिवसभरात ३ भाकरी म्हणजे १५० ग्रॅम पीठ धरलं तर १५ ग्रॅम, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ६ ग्रॅम, एक मध्यम पेरू ८ ग्रॅम, झाले की २९, वर पालेभाजी आणि कोशिंबीर आहेच. पैसे किती लागले बघा आणि पावडरच्या डब्याची किंमत बघा.

तेल-तूप कमी करणं

अमेरिकेत ४८ हजारांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हा प्रयोग झाला, त्यातल्या ४० टक्के जणींना फॅट कमी असलेला आहार, २००६ मध्ये निकाल आला, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. तेल कमी करा ते कॅलरी कमी करायला, तेवढंच. भाकरीवरच्या चमचाभर तुपाला घाबरू नका.

हळदीच्या कॅप्सूल, व्हीटग्रास, मल्टिव्हिटॅमिन

या कॉलममध्ये मला फायद्याच्या बाजूला लिहायला काही सापडत नाही आणि म्हणून याच्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालतात याचं मला खरंच वाईट वाटतं. भाजीतली हळद छान आहे, ती खा. कॅप्सूलमधलं कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) मुळात अंगात फार कमी शोषलं जातं म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात, आणि असे जास्त डोस घेऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात.

नैसर्गिक आहे, घेऊन काय बिघडणार, असं वाटत असेल तर फिनलंडचा अभ्यास बघा. गाजरात असतं ते बीटा कॅरोटीन गोळीच्या रूपात २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात दिलं, लंग कॅन्सर कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्यांत लंग कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग असंच दिसल्यामुळे १९९६ मध्ये मुदतीआधी बंद करावा लागला. गाजर खाणं आणि गाजरातला एक पदार्थ काढून मोठ्या डोसमध्ये घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बी१२, डी, आयर्न रिपोर्टमध्ये कमी आलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर जरूर घ्या, तो वेगळा विषय.

दारू आणि सुपारी

मावसबहिणीच्या यादीत हे नव्हतंच, पण तिच्या नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या बाबतीत हेच पहिलं यायला हवं. दारू आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, वाईनसकट, आणि ३० मिलीचा एक छोटा पेग म्हणजे जवळपास १० ग्रॅम अल्कोहोल, रोज तेवढ्यानेही बायकांत ब्रेस्ट कॅन्सरची रिस्क वाढताना दिसते. "थोडी घेतलेली हार्टला चांगली" हे कॅन्सरला लागू होत नाही.

सुपारीचं तर बोलायलाच हवं. "आमची काय तंबाखू नाही, साधी सुपारी आहे" हे मी कितीतरी घरांत ऐकते. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीच पहिल्या गटात आहे. तिच्यामुळे तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड उघडायला त्रास होतो, तिखट झोंबतं, आणि तिथून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. जेवणानंतर डबीतून फिरते ती सुगंधी सुपारी आणि दातांना लावायची मिश्री (ती तर भाजलेली तंबाखूच), दोन्ही बंद करा आणि डबीत बडीशेप, ओवा, भाजलेली जवस ठेवा. वजन नॉर्मल असलेल्या पण सुपारी खाणाऱ्या माणसाने डाएटचा विचार नंतर करावा.

दोनदाच जेवायचं की थोडं थोडं

हा वाद आपल्याकडे घराघरांत झालाय. दीक्षित सरांची पद्धत, मुळात डॉ. जिचकारांची, दिवसात दोनदा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, ठरावीक वेळाने, घरचं पारंपरिक. कॅन्सरच्या दृष्टीने बघायचं ते एवढंच की तुमच्या कमरेचं माप कशाने उतरतं आणि उतरलेलं टिकतं. चहा-बिस्किटं, फरसाण असं दिवसभर तोंड चालू असणाऱ्यांना दोनदा जास्त सोपं जातं कारण मधलं सगळंच बंद होतं. ज्यांना उपाशी राहिल्यावर रात्री ताव मारायची सवय आहे त्यांना दुसरं बरं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोनदावर जाऊ नका, शुगर एकदम खाली जाते. किटोबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, त्यात भाकरी आणि उसळच जाते आणि ३० ग्रॅम फायबर गाठणं अवघड होऊन बसतं.

मावसबहिणीला मी शेवटी सांगितलं ते असं: आधी कंबर, त्यासाठी रात्रीचा भात अर्धा आणि त्या जागी उसळ, संध्याकाळचं फरसाण बंद, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं. सॉसेज मुलांच्या डब्यातून बाहेर. रविवारचं मटण चालू. कॅप्सूल घ्यायच्याच नाहीत. आणि आईला झालाय म्हणून डॉक्टरांना भेटून मॅमोग्राफी कधीपासून करायची ते विचारून घ्यायचं, हे मात्र डाएट जमो न जमो करायचंच.

यातलं वजन कमी करायचं जे काही लिहिलंय ते ज्यांची किमो किंवा रेडिएशन चालू आहे त्यांच्यासाठी नाही. त्या काळात वजन आणि प्रोटीन टिकवणं महत्त्वाचं असतं, तेव्हा मावशीसारख्या पेशंटने काय खायचं ते हॉस्पिटलच्या डाएटिशियनला विचारूनच ठरवा. आणि कुणाचं वजन काहीही न करता आपोआप उतरायला लागलं तर खूश न होता लवकर डॉक्टरांना दाखवा.