मंगल कार्यालयाचं ‘परिषद पॅकेज’: साऊंड उत्तम, गेटवरची वागणूक सुधारायला हवी

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे मंगल कार्यालय. मुहूर्त नसले की हॉल रिकामा राहतो, म्हणून मालकांनी शिबिरं आणि परिषदांसाठी वेगळं पॅकेज काढलं आहे. त्यात 300 खुर्च्या, मंच, पोडियमचा एक वायरचा माईक, दोन कॉर्डलेस, प्रोजेक्टर, जनरेटर, दोनदा चहा, एक जेवण आणि चार बाउन्सर मिळतात. बियाण्यांच्या मेळाव्याला एवढं पुरतं, पण आरोग्य परिषदेचं तसं नाही. मानधन थकलेल्या आशाताई, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लेकराला घेऊन दवाखान्याच्या चकरा मारणारे आईबाप, फवारणीत विषबाधा झालेल्या मजुरांच्या घरचे असे सगळे समोर बसलेले असतात. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. ही माणसं प्रश्न विचारणार, पाट्या धरणार, घोषणाही देणार. तेव्हा हॉल पाहायला जाताना हे धरूनच जावं.

आधी चांगलं ते सांगतो. साऊंड खरोखर उत्तम आहे. बऱ्याच हॉलमध्ये बॉक्स भिंतीला टेकवून ठेवतात. मग प्रश्न विचारणारा कॉर्डलेस घेऊन बॉक्ससमोर आला की शिट्टी वाजते, लोक कान झाकतात आणि त्याचं बोलणं वाया जातं. इथे बॉक्स मंचाच्या पुढच्या कडेला, तोंड मागच्या रांगांकडे करून लावतात. प्रश्नांचा माईकही हातोहात फिरत नाही, मधल्या वाटेत स्टँडवर असतो. रांग सगळ्यांना दिसते, त्यामुळे नंबरावरून वाद होत नाही. दुसरा स्टँड बायकांच्या बाजूला मागून घ्या. नाहीतर पहिला अर्धा तास पुरुषच बोलतात. माणशी 2 मिनिटं, एक बाई मग एक पुरुष, आणि मधूनमधून चिठ्ठीवरचा प्रश्न, असा क्रम ठेवला तर तासाभरात 25 जण सहज बोलतात. चिठ्ठ्या लिहून द्यायला दोन स्वयंसेवक बसवा. मेळघाटाकडून लोक येणार असतील तर कोरकू आणि गडचिरोलीकडून येणार असतील तर गोंडी बोलणारा एक जण तिथेच हवा.

दोष मात्र मिक्सरच्या, म्हणजे सगळे माईक जिथून चालू-बंद होतात त्या यंत्राच्या, जागेत आहे. मिक्सर मंचाच्या बाजूला, मालकांच्या खुर्चीशेजारी असतो. एखादा कार्यकर्ता जरा चढ्या आवाजात बोलू लागला की कोणीतरी मान हलवतं आणि साऊंडवाला माईक बंद करतो. माईक बंद पडला की ओरडा सुरू होतो, आणि मग त्या ओरड्यालाच गोंधळ म्हणतात. सकाळीच साऊंडवाल्या भाऊला सांगून ठेवावं की माईक बंद होईल तो फक्त अध्यक्षांनी हात वर केल्यावर, तोही वेळ संपल्याचं दोनदा सांगून झाल्यावर.

लाइट गेल्यावर जनरेटरचा चेंजओव्हर हाताने करावा लागतो. तेवढा वेळ हॉल अंधारात आणि मिक्सर बंद. तापलेल्या सत्रात एवढं निमित्त पुरतं. मिक्सर आणि मंचावरचा एक दिवा यूपीएसवर घ्यायला लावा. एरवी न मागता कोणी ते करत नाही.

सगळ्यात कमजोर बाजू गेटची. काळ्या टी-शर्टातले बाउन्सर लग्नातली गर्दी आवरायला ठीक आहेत, पण परिषदेत ते पाटी दिसली की ती हिसकावतात. ‘मानधन कधी?’ एवढंच लिहिलेला पुठ्ठा आशाताईच्या हातून काढून गेटमागच्या ड्रमात टाकलेला आम्ही पाहिला आहे. अर्ध्या तासात तीच घोषणा पन्नास जणींच्या तोंडी होती. ती बाई पुठ्ठा घेऊन आत भिंतीशी उभी राहिली असती तर सत्र बिनबोभाट पार पडलं असतं.

म्हणून बाउन्सर पॅकेजमधून काढायला सांगा आणि त्या बदल्यात अंगणात 20 बाय 30 फुटांचा मंडप मागा. सावली हवीच, एप्रिलनंतर इकडच्या उन्हात कुणाला ताटकळत ठेवणं बरं नाही. पाण्याचे 20 लिटरचे जार 300 माणसांना उन्हाळ्यात किमान 30 लागतात. पॅकेजमध्ये 12 येतात. हा मंडप आंदोलनाची जागा म्हणून जाहीर करा, पण हॉलच्या दारापासून दिसेल असाच घाला. गोदामामागे घातला तर तिथे कोणी थांबत नाही, आणि का थांबावं?

हॉलमध्ये पाट्या चालतील, काठ्या नाहीत. पुठ्ठा हातात धरायचा, कारण काठीने शेजारच्याचा डोळा जाऊ शकतो आणि पोलिसांनाही निमित्त मिळतं. मधली वाट 6 फूट, दोन्ही कडांच्या 4 फूट ठेवल्या की मूक उभं राहायला कडेला जागा होते, पडदाही झाकला जात नाही. मंचावर चढणं, बोलणाऱ्याला बोलूच न देणं, औषध कंपनीच्या टेबलावरचा माल उधळणं, कुणाला हात लावणं हे चालणार नाही. हे सगळं निमंत्रणपत्रिकेवरच छापा. हॉल खासगी आहे, मालक कुणालाही बाहेर जा म्हणू शकतो, म्हणून नियम आधी लेखी असलेले बरे.

घोषणा सुरू झाल्याच तर आधी ओळखीची स्वयंसेविका जवळ जाऊन म्हणेल, “ताई, पाटी इथं धरा जी. साहेबांचं झालं की पहिला माईक तुमचाच.” बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर अध्यक्षांनी आंदोलकांच्या एका प्रतिनिधीला मंचाखालच्या माईकवर 3 मिनिटं द्यावीत. तरी थांबलं नाही तर 10 मिनिटं चहा. मारहाण किंवा तोडफोड झाली तरच पोलीस बोलवावेत, आणि बायका असतील तर महिला पोलिसांसह.

जगभरच्या एड्स परिषदांनीही हे अनुभवातून शिकून घेतलं. 1983 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या आरोग्य परिषदेत एड्सच्या रुग्णांनी मंचावर जाऊन आपले हक्क वाचून दाखवले. 1989 मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या एड्स परिषदेत उद्घाटनाआधीच कार्यकर्त्यांनी मंच ताब्यात घेतला. पुढे त्या परिषदांत शांततेच्या निदर्शनांना जागा मिळाली. आपल्याकडे 2007 मध्ये सरकारी आरोग्य सेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायची लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि तिच्या जनसुनवाया झाल्या. पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता, म्हणजे अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारणं विदर्भाला नवीन नाही.

कागदपत्रांत हे कार्यालय मदत करत नाही, ते आपणच करायचं. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी लागते, रात्री 10 नंतर अंगणातला भोंगा बंद. ग्रामीण रुग्णालय रस्त्यापलीकडेच आहे. रुग्णालयाभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर असू शकतं, तेव्हा ठाण्यात विचारून मगच बाहेर बॉक्स लावा. 108 ची गाडी वळते ती बाजू रिकामी ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचा आदेश चालू आहे का तेही तपासा. असा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपलीकडे चालत नाही.

फोटोग्राफर पॅकेजमध्येच येतो आणि सगळ्यांचे चेहरे टिपतो. त्याला आवरा. एचआयव्ही असलेल्या माणसाची ओळख त्याच्या संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. सिकलसेलच्या मुलींच्या लग्नाचा प्रश्न गावात कसा येतो ते तर सगळ्यांना माहीत आहे. फोटो नको असलेल्यांना हिरवी फीत द्या, ती दिसली की कॅमेरा खाली.

जेवण चांगलं: पातोडीची भाजी, भाकरी, वरण-भात. पण पंगत 2 ला बसते. शेवटची एसटी 5 ला असेल तर दुपारचं सत्र कापलं जातं, आणि नेमकं तेच प्रश्नांचं असतं. जेवण 1 ला सांगा.

पाचपैकी साडेतीन गुण. बुकिंगच्या पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: बाउन्सर नकोत, अंगणात दारासमोर मंडप, मिक्सर यूपीएसवर, आणि माईक बंद करण्याचा अधिकार फक्त अध्यक्षांना. मालक आढेवेढे घेतात, पण सही करतात.