जळगावातली पत्रिका छपाई: कागदाला पैकीच्या पैकी, मजकुराला काठावर पास

कागद, छपाई आणि वेळ पाहिली तर जळगावच्या बाजारपेठेतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या या दुकानाचं नाव कुणालाही सुचवावं. घडीवर कार्ड फुटत नाही, सोनेरी शाई बोटाला लागत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लग्नतिथींची झुंबड असते, तरी दिलेली तारीख पाळतात. गुण कापायचे ते मजकुराचे. वधू, वर आणि दोघांचे आईवडील यांच्या नावांआधी काय लावायचं आणि पुढे सर्वनाम-क्रियापद कसं चालवायचं, इथे गाडी रुळावरून घसरते.

कारण साधं आहे. मजकूर जुन्या फाइलवरून उचलतात आणि आधीच्या गिऱ्हाइकाची नावं खोडून तुमची टाकतात. मग वाक्य निघतं: ‘चि. राहुल यांचा शुभविवाह चि. सौ. कां. स्नेहा हिच्याशी’. एकाच ओळीत नवऱ्याला अहो-जाहो आणि नवरीला अगं-तुगं! ‘चि.’ हा वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना दिलेला आशीर्वाद. त्यामुळे निमंत्रण आजोबांचं किंवा वडिलांचं असेल, तर ‘याचा… हिच्याशी’ अगदी बरोबर. आदरार्थी बहुवचनच हवं असेल तर ‘यांचा… यांच्याशी’. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं चालत नाही. दुकानदार बदलायला कुरकुर करत नाही, पण आपण सांगितल्याशिवाय बदलतही नाही.

‘सौ. कां.’ म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, तेव्हा ‘कां’वरचा अनुस्वार हवाच, फाइलमध्ये तो बहुतेक ठिकाणी उडालेला आहे. हे बिरुदच नको असेल तर दोघांनाही नुसतं ‘चि.’ पुरतं. दोघंही डॉक्टर असतील तर ‘चि. डॉ.’ आणि ‘चि. सौ. कां. डॉ.’ असा क्रम ठेवायचा, आधी आशीर्वाद, मग पदवी. नवरदेवाची पदवी ठळक आणि नवरीची कंसात, बारीक अक्षरात, हा प्रकार प्रूफमध्ये हमखास दिसतो. तिथल्या तिथे सारखा करून घ्या.

नोंदणी लग्न करणारी जोडपी हल्ली स्वतःच्या नावाने बोलावतात. त्यांच्यासाठी या दुकानात वेगळी फाइलच नाही. स्वतःच्या नावाला आपण ‘चि.’ लावत नाही आणि ‘श्री.’ही लावत नाही. नुसती नावं शोभतात. क्रियापदही प्रथमपुरुषी हवं: ‘आम्ही, स्नेहा आणि राहुल, विवाहबद्ध होत आहोत’. फाइलमधलं ‘आहेत’ तसंच राहिलं की दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न वाटतं. स्वागत समारंभाच्या कार्डावर तर नवरीला सासरचं आडनाव न विचारताच लागतं. लग्नाने आडनाव आपोआप बदलत नाही, कायद्याची तशी सक्तीही नाही. जे नाव दोघांनी ठरवलं असेल ते लिहून द्या.

निमंत्रकांच्या रकान्यात ‘श्री. व सौ.’ ठोकलेलं असतं. वडील हयात नसले की ‘कै.’ टाकतात आणि आईच्या नावाआधी विचारपूस न करता ‘गं. भा.’ येतं. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी वापरात आणण्याचा प्रस्ताव आला होता, तेव्हा राज्यभर टीका झाली होती. दुकानाच्या फाइलपर्यंत ती पोचलेली दिसत नाही. ‘श्रीमती’ लिहा किंवा काहीच न लावता आईचं पूर्ण नाव लिहा. आईला विचारून लिहा, एवढंच.

आपल्या खान्देशात ‘आबासो’, ‘नानासो’, ‘भाऊसो’ आल्याशिवाय पत्रिका पुरी होत नाही. ‘सो’ म्हणजे साहेबच. तरी फाइलमध्ये ‘श्री. नानासो … साहेब’ असं दुहेरी छापलेलं सापडतं. एकदाच पुरे. अध्यक्ष, सरपंच, माजी सभापती ही पदं नावाखाली लहान टाइपात घ्या, नाहीतर वधूवरांची नावंच शोधावी लागतात.

शुद्धलेखनाचे दोन ठरलेले खड्डे आहेत. तयार शीर्षकात ‘शुभाशिर्वाद’ आहे, हवं ‘शुभाशीर्वाद’. आणि ‘वधू-वरास’ नव्हे, दोघं आहेत म्हणून ‘वधूवरांस’. नावांत ‘रविंद्र’, ‘मनिषा’ ही ऱ्हस्व चूक सर्रास होते. ‘रवींद्र’, ‘मनीषा’ करून घ्या. मात्र विवाह नोंदणीच्या अर्जाला पत्रिका जोडतात, म्हणून वधूवरांची नावं त्यांच्या कागदपत्रांशी जुळवून मगच हात लावा.

फाँटचीही एक भानगड आहे. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला युनिकोड मजकूर ते जुन्या फाँटमध्ये बदलतात, तेव्हा ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ मोडतात. ‘बऱ्हाटे’चं ‘बर्हाटे’ होतं आणि ‘सासऱ्यांचे’मध्ये र वर उडून रफार बनतो. असं आडनाव असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून प्रूफ तपासा. प्रूफ फोटोतून नको, पीडीएफ मागा. फोटोत अनुस्वार दिसत नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागद धरायचा. एकदा ‘ओके’ पाठवलं की पुढची चूक तुमच्या खात्यावर, आणि फेरछपाईचे पैसेही.

अहिराणी ओळ हवी असली, म्हणजे पोरांच्या नावाने ‘आमना काकाना लगीनले येवानं हं’ असली, तर ‘जसंच्या तसं’ असा शेरा मारून द्या. ऑपरेटर ‘ना’चं ‘च्या’ करून टाकतो, आणि तेही मनापासून, चूक दुरुस्त केल्याच्या आनंदात.