जपानी माशांचा ‘पूर्ण सेट’ घेताय? आधी हे वाचा

नाणं टाकलं की मशीनमधून प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये निघणाऱ्या जपानी गोड्या पाण्यातल्या माशांच्या प्रतिकृती कुणी गोळा करत असेल, तर फ्ली मार्केट अ‍ॅपवर, म्हणजे लोक एकमेकांना जुन्या वस्तू विकतात त्या अ‍ॅपवर, जुना ‘पूर्ण सेट’ घेण्याआधी हे वाचा. माझे 18,000 येन गेले आणि हाती नकला आल्या.

मी टोकियोत निशिकासाईला राहतो. 1999 साली फुरुता कंपनीच्या चॉकलेटच्या अंड्यांतून ओसाकाच्या काइयोदो या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीने घडवलेले छोटे प्राणी निघू लागले आणि जपानभर हुबेहूब प्रतिकृतींचं वेड पसरलं. माझा जीव मात्र माशांवर. यामामेच्या कुशीवरचे लांबट काळपट पट्टे, त्याच्याच भाऊबंदातल्या अमागोवरचे बारीक लाल ठिपके, आयूच्या कल्ल्यामागचा पिवळा डाग, विणीच्या हंगामात निळ्या-गुलाबी रंगात आलेला ओइकावाचा नर... बोटाएवढ्या प्लॅस्टिकमध्ये हे सगळं उतरवणं म्हणजे मोठीच कारागिरी. मालिका बंद झाली की मशीनमध्ये पुन्हा येईलच असं नाही. मग सेकंडहँड बाजारात भाव चढतो, आणि लबाड माणसंही तिथेच जमतात.

विक्रेता बोलायला अतिशय नम्र. फोटो स्वच्छ, सोबत माहितीपत्रकंही दाखवलेली. खोकं आलं. वरच्या थरातले मासे अस्सल, अगदी नवेकोरे. तेवढ्यात त्याचा निरोप: घरात आजारपण आहे, पैशांची निकड आहे, ‘मिळालं’ तेवढं लगेच दाबाल का? खरी मेख इथेच आहे. या अ‍ॅपवर आपले पैसे कंपनीकडे अडकून असतात. आपण ‘मिळालं’ म्हणून अभिप्राय दिला की ते विक्रेत्याकडे जातात आणि व्यवहार संपतो. आजारपण म्हटल्यावर मी दाबलं.

खालचा थर त्यानंतर उघडला. माझ्याकडचा अस्सल इवाना मासा शेजारी ठेवला, तर खोक्यातला इवाना शेपटीकडे चक्क आखूड. अस्सल माशावरून साचा काढून पुन्हा ओतला की माल थोडा आकसतो, म्हणून नक्कल जराशी लहान भरते. पर जाड, कडा बोथट. अस्सल मासा बोटाने दाबला तर किंचित लवतो. हे दगडासारखे कडक, वर साच्यात ओतायच्या रेझिनचा उग्र वास. पोटाखालची कंपनीची अक्षरं झिजलेली. अमागोचे लाल ठिपके दोन्ही कुशींवर एकाच मापाचे, जणू एकाच काडीने टेकवलेले. आयूला पिवळा डागच नाही! ज्याने हे रंगवलं त्याने आयू कधी पाहिलाच नसणार. पैशांइतकाच मला याचा राग आला.

अ‍ॅपवाल्यांनी कळवलं, व्यवहार पूर्ण झालाय, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याचं खातं तोवर गायब. 188 या ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहारात त्यांना फारसं काही करता येत नाही. पोलिसांचा सल्ल्यासाठीचा नंबर #9110. तिथून पुढे चौकीत जाऊन फोटो, निरोप, पावती सगळं दिलंय.

तुमचं खोकं आलं, तर तळापर्यंत प्रत्येक मासा उजेडात उलटून पाहा, आणि तोवर ‘मिळालं’ला हात लावू नका. विक्रेता कितीही काकुळतीला आला तरी. खोट निघाली तर अभिप्राय देण्याआधीच अ‍ॅपकडे तक्रार करा. पैसे अजून त्यांच्याकडेच असतात.

परवा तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा दिसले, किंमत 15,000 येन. मी तक्रार नोंदवली आहे. तुम्हाला दिसले तर तुम्हीही नोंदवा.